गावाचं नाव कशासाठी घेतलं जाईल, हे कोण ठरवतं?

विचारलेला प्रश्न असा: शहराची ओळख तिथले लोकच घडवतात असं आपण धरून चालतो. मग बाहेरचा पैसा, बाहेरची माणसं आणि दूरच्या सरकारांचे निर्णय ती नेमकी कशी बदलतात? आणि यात शहराच्या हातात काही उरतं का? माझा बराच काळ नगररचनेच्या कामात गेला, म्हणजे विकास आराखडे करण्यात आणि त्याहून जास्त ते धूळ खात पडलेले पाहण्यात. त्या अनुभवावरून आणि जगभरच्या काही शहरांच्या इतिहासावरून उत्तर देतो. उत्तर लांब आहे.

आधी थोडक्यात सांगतो. बाहेरची शक्ती गावात येते ती रस्त्याच्या आखणीतून, जमिनीच्या भावातून, बँकेच्या कर्जातून, कायद्यातल्या एखाद्या पोटकलमातून, नाहीतर कामाच्या शोधात आलेल्या माणसांबरोबर. ती येते तेव्हा ओळखीबिळखीचा कुणी विचारही करत नाही. ओळख तयार व्हायला पुढे एक-दोन पिढ्या जातात. आणि गाव ती ओळख कमानीवर लिहून मिरवू लागतं तेव्हा तिला जन्म देणारा धंदा बहुतेक वेळा काढता पाय घेत असतो. माझ्या मते सगळ्या प्रकरणाची मेख या उशिरात आहे. लोक ओळख टिकवण्यासाठी भांडतात ते जुन्या शक्तीच्या बाजूने, आणि तोवर नवी शक्ती गावात येऊन जमिनीचे व्यवहार उरकत असते.

ही शक्ती किती लांबून येऊ शकते, याचं टोकाचं उदाहरण म्हणजे आजच्या बोलिव्हियातलं पोतोसी. समुद्रसपाटीपासून चार हजार मीटरवर, जिथे धड शेतीही होत नाही अशा जागी १५४५ मध्ये चांदीचा डोंगर सापडला आणि काही दशकांत तिथली वस्ती लाखावर गेली. स्पेनच्या राजाची हाव हे त्याचं नेहमी सांगितलं जाणारं कारण. ते अर्धंच खरं आहे. त्याच काळात चीनच्या मिंग राजवटीत शेतसारा आणि वेठीच्या बदल्यातला कर चांदीत घ्यायची पद्धत रुळत गेली, त्यामुळे तिथे चांदीला युरोपापेक्षा कितीतरी जास्त किंमत मिळे. १५७१ मध्ये स्पेनने मनिलात ठाणं मांडलं आणि अमेरिकेतली चांदी पॅसिफिक ओलांडून थेट त्या बाजारात जाऊ लागली. सक्तीच्या पाळीने खाणीत उतरवलेल्या अँडीजमधल्या माणसाच्या कानावर चिनी महसुलाचा विषय कधी आलाही नसेल, पण त्याच्या शहराची भरभराट त्या महसुलावरही उभी होती.

हेच जवळून बघायचं तर कापूस घ्यावा. १८६० च्या आसपास इंग्लंडमधल्या लँकेशर परगण्याच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसातला तीन चतुर्थांशाहून जास्त कापूस अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतून येत होता आणि तो गुलामांच्या श्रमावर पिकत होता. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, उत्तरेच्या नौदलाने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली आणि गिरण्या थंडावल्या. सगळा दोष युद्धाचा नव्हता. आधीच्या दोन वर्षांत गिरणीमालकांनी भरमसाट कापड काढून गोदामं भरून ठेवली होती, त्यामुळे सुरुवातीला ही नाकेबंदी काहींच्या पथ्यावरच पडली. मजुरांना मात्र दोन्हीकडून मार होता. १८६२ च्या हिवाळ्यात त्या भागात पाच लाखांच्या आसपास माणसं मदतीवर जगत होती.

इथे दोन गोष्टी घडल्या आणि दोन्हींनी त्या गावांचा चेहरा बदलला. पहिली म्हणजे १८६२ च्या शेवटच्या दिवशी मँचेस्टरच्या कामगारांनी सभा घेतली आणि गुलामगिरीविरुद्धच्या लढ्याला पाठिंबा देणारं पत्र लिंकनला धाडलं. स्वतःची चूल विझलेली असताना हे केलं, म्हणून लिंकनने जानेवारीत त्याला उत्तरही पाठवलं. पुढे मँचेस्टरने लिंकनचा पुतळा उभारला आणि आज शहर ही आठवण अभिमानाने सांगतं. त्या वेळी मात्र लँकेशरमध्ये दक्षिणेची बाजू घेणारेही कमी नव्हते, आणि शेजारच्या लिव्हरपूलचा कल तर बराचसा दक्षिणेकडेच होता. अभिमानाच्या गोष्टी निवडून ठेवल्या जातात, हे आमच्या धंद्यात फार लवकर कळतं.

दुसरी गोष्ट कमी नाट्यमय, पण मला जास्त महत्त्वाची वाटते. १८६३ मध्ये ब्रिटिश संसदेने कायदा करून या गिरणीगावांच्या नगरसंस्थांना स्वस्त कर्ज दिलं. बेकार कामगारांना कामावर घ्या आणि गटारं, रस्ते, बागा बांधा, असा त्याचा मतलब. ओल्डहॅमची अलेक्झांड्रा पार्क ही त्यातूनच झालेली बाग १८६५ मध्ये खुली झाली आणि आजही आहे. सूत कातणाऱ्या हातांनी माती खणली. गिरण्या गेल्या, पण मलनिस्सारणाच्या वाहिन्या आणि बागा राहिल्या. शहराला संकटात मिळालेला पैसा कशात घातला, यावर त्याचा पुढच्या शंभर वर्षांचा आकार ठरतो. तो पैसा कर्जमाफीत, कमानींत आणि समारंभांत गेला असता तर आज दाखवायला काही राहिलं नसतं.

आता याच घटनेची दुसरी बाजू. लँकेशरमध्ये उपासमार होती तेव्हा मुंबईत पैशाचा पाऊस पडत होता. अमेरिकेचा कापूस बंद, म्हणून हिंदुस्थानी कापसाला कधी नव्हे तो भाव आला. आखूड धाग्याचा, यंत्रावर तुटणारा म्हणून ज्याला गिरणीवाले नाकं मुरडत तोच कापूस मिळेल त्या भावाने उचलला जाऊ लागला. मुंबईत शेअरबाजी माजली, समुद्र हटवून जमीन करण्याच्या कंपन्या निघाल्या, बॅक बे कंपनीचे शेअर आकाशाला भिडले. १८६५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतलं युद्ध संपलं आणि फुगा फुटला. कंपन्या बुडाल्या, पाठोपाठ बँक ऑफ बॉम्बेही गेली. त्या लाटेवरचं सर्वांत मोठं नाव कापसाचे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांचं. त्यांच्या देणगीतून पुढे राजाबाई टॉवर उभा राहिला. किल्ल्याची तटबंदीही याच दशकात पाडली गेली आणि शहर मोकळं झालं. आज आपण ज्याला जुनी मुंबई म्हणून कौतुकाने पाहतो, तिचा बराचसा भाग या तेजीतून आणि तिच्या पाठोपाठच्या काळात उगवलेला आहे.

वऱ्हाडात हीच शक्ती वेगळ्या रूपात पोहोचली. १८६७ मध्ये आगगाडी नागपूरला गेली, १८७० मध्ये खामगावला कापसासाठी वेगळा फाटा निघाला, आणि तारायंत्रामुळे लिव्हरपूलचे भाव बाजारात कळू लागले. खामगाव, अमरावती ही नावं जगाच्या कापूसबाजारात ओळखीची झाली. पण तेजी गेल्यावर शेतकऱ्याकडे काय राहिलं? कापसाखाली गेलेलं रान, सावकाराचं देणं आणि ज्याच्यावर आपला काडीचा ताबा नाही असा भाव. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत हा मुलूख होरपळला. मुंबईला त्या तेजीतून इमारती आणि भांडवल मिळालं, वऱ्हाडला मुख्यतः अवलंबित्व. शक्ती एकच, कापूस तोच, पण नफा जिथे थांबतो त्या ठिकाणी शहर उभं राहतं. तो जिथून फक्त जातो तिथे बाजारपेठ आणि रेल्वेचा फाटा उरतो. कुठल्याही गावाचा अभ्यास करताना हा फरक मी सगळ्यांत आधी पाहतो.

चक्र पुढे उलटं फिरलं. मुंबई, अहमदाबाद, सोलापूर, नागपूरच्या गिरण्या वाढल्या, पहिल्या महायुद्धाच्या काळापासून आयात कापडावरची जकात वाढत गेली, स्वदेशीने परदेशी कापडावर बहिष्कार घातला, आणि लँकेशरची बाजारपेठ हातची गेली. १९३१ च्या सप्टेंबरमध्ये गांधीजी गोलमेज परिषदेसाठी इंग्लंडला गेले असताना मुद्दाम लँकेशरमधल्या डार्वेन या गिरणीगावी जाऊन कामगारांना भेटले. ज्यांच्या रोजीवर आपण घाला घालतो आहोत त्यांच्या घरी जाण्याचं धैर्य थोड्यांकडेच असतं. त्या गावाच्या दृष्टीने बाहेरची आर्थिक शक्ती म्हणजे हिंदुस्थानातल्या खेड्यात फिरणारा चरखा होता.

दुसऱ्या महायुद्धानंतर लँकेशरच्या उरल्यासुरल्या गिरण्यांनी टिकून राहण्यासाठी यंत्रं रात्रंदिवस चालवायची ठरवली. रात्रपाळीला स्थानिक माणूस मिळेना, म्हणून पाकिस्तान, भारत आणि आजच्या बांगलादेशातून कामगार आले. वीस-पंचवीस वर्षांत गिरण्या बंदच पडल्या. माणसं राहिली. ओल्डहॅम, ब्लॅकबर्न, बर्नली या गावांचं आजचं समाजचित्र म्हणजे एका मरणाऱ्या धंद्याने शेवटचा श्वास घेताना केलेली भरती आहे. पुढे तिथे जे सामाजिक ताण निर्माण झाले त्यांची चर्चा धर्म आणि संस्कृती या शब्दांत होते. रात्रपाळीचा उल्लेख क्वचितच येतो.

आणि मुंबई? १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले. संपाने गिरण्या मारल्या असं सर्रास म्हटलं जातं. मला ते अपुरं वाटतं. यंत्रमाग त्याआधीच भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीकडे पसरले होते, गिरणीतली यंत्रसामग्री जुनाट झाली होती, आणि गिरणीखालची जमीन गिरणीपेक्षा मौल्यवान होत चालली होती. खरा निकाल लागला तो विकास नियंत्रण नियमावलीत. १९९१ च्या नियमानुसार गिरणीच्या जमिनीचा विकास करायचा तर साधारण एक तृतीयांश जागा मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला आणि एक तृतीयांश मालकाला, अशी वाटणी होती. २००१ मध्ये दुरुस्ती झाली. त्यानंतर ही वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती धरायची, बांधकामाखालची जमीन त्यात मोजायची नाही. गिरणीच्या आवारात मोकळी जागा असते किती? हिश्शाची जमीन एकदम आक्रसली. प्रकरण उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २००६ च्या मार्चमध्ये दुरुस्ती कायम राहिली. गिरणगाव या ओळखीत युनियन होती, शाहिरी होती, कामगार रंगभूमी होती. तिचं पुढे काय होणार याचा फैसला या एका पोटनियमाने केला. त्या दुरुस्तीच्या मसुद्यावर जितक्या लोकांचं लक्ष होतं त्याच्या शंभरपट लोक नंतर चिमण्या पाडल्या म्हणून हळहळले.

वाहतुकीबद्दल फार लिहीत नाही, कारण ते सगळ्यांना दिसतं. तरी एक उदाहरण. १९५६ मध्ये माल्कम मॅक्लीन या अमेरिकी ट्रकमालकाने न्यूअर्कहून ह्यूस्टनला जहाजावरून ५८ मोठ्या पेट्या पाठवल्या. पंचवीस वर्षांत लंडनच्या जुन्या गोद्या ओस पडल्या, कारण पेट्यांना खोल पाणी, विस्तीर्ण पटांगण आणि मोठे रस्ते हवेत, आणि ते फेलिक्सटोसारख्या ठिकाणी होतं. लंडनच्या पूर्व भागातल्या हमालवस्त्यांची पिढ्यान् पिढ्यांची ओळख एका लोखंडी पेटीच्या मापाने संपवली. पुढे त्याच गोद्यांवर बँकांचे टॉवर आले.

कर्जाबद्दल मात्र थांबून सांगायला हवं, कारण ते दिसत नाही. डेट्रॉइटची लोकसंख्या १९५० मध्ये साडेअठरा लाखांच्या आसपास होती, २०२० मध्ये साडेसहा लाखांच्या आत. मोटारींचा धंदा जपान्यांनी नेला, हे त्याचं रूढ स्पष्टीकरण. पण गळती जपानी गाड्या येण्याच्या बरीच आधी, पन्नाशीच्या दशकातच सुरू झाली होती. कारखाने एकमजली हवे म्हणून शहराबाहेर सरकत होते. आणि १९३० च्या दशकात सरकारी संस्थांनी नकाशे काढून कृष्णवर्णीयांच्या वस्त्या धोक्याच्या म्हणून लाल रंगवल्या होत्या. त्या वस्त्यांत घरासाठी कर्ज मिळणं जवळपास अशक्य, तर बाहेरच्या नव्या उपनगरांत सरकारी हमीचं कर्ज गोऱ्या कुटुंबांना सहज. त्यात ब्लॅक बॉटम ही कृष्णवर्णीयांची वस्ती, तिच्या दुकानांसकट आणि संगीताच्या ठिकाणांसकट, नूतनीकरणाच्या नावाखाली पाडली गेली आणि तिच्या जागेवरून १९६४ मध्ये हमरस्ता खुला झाला. कर्ज कुणाला, रस्ता कुणाच्या घरावरून, हे प्रश्न तांत्रिक वाटतात. शहराचा सामाजिक नकाशा त्यांनीच आखलेला असतो.

माणसांच्या लोंढ्याने शहर बदलतं याचं सगळ्यांत बोलकं उदाहरण मला लेस्टरचं वाटतं. १९७२ च्या ऑगस्टमध्ये इदी अमीनने युगांडातल्या आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला सांगितलं. त्यातले सत्तावीस-अठ्ठावीस हजार ब्रिटनमध्ये आले. लेस्टरमध्ये आधीच काही गुजराती कुटुंबं स्थिरावलेली, होजिअरी आणि बुटांच्या कारखान्यांत काम मिळत होतं, म्हणून अनेकांनी तिकडे जायचं ठरवलं. तेव्हा लेस्टरच्या नगर परिषदेने काय केलं? युगांडातल्या वर्तमानपत्रात पैसे भरून जाहिरात दिली: इथे घरं, शाळा, आरोग्यसेवा सगळं भरलेलं आहे, स्वतःच्या हितासाठी लेस्टरला येऊ नका. लोक आलेच. त्यांच्यात व्यापारी होते, हिशेबनीस होते, कारखाने चालवलेली माणसं होती. सुरुवात मात्र बहुतेकांनी यंत्रासमोर उभं राहून केली. होजिअरीचे मोठे कारखाने पुढे मंदीत गेले आणि त्यांच्या रिकाम्या इमारतींमध्ये याच लोकांनी छोटे उद्योग थाटले. काही दशकांनी तेच लेस्टर बेलग्रेव्ह रोडवरच्या दिवाळीच्या रोषणाईची जाहिरात करू लागलं.

ज्याला दारातून परत पाठवायला निघाले होते तोच घराची शोभा झाला, इथवर सांगून लोक सुखाने थांबतात. मी थोडा पुढे जातो. २०२० मध्ये त्याच शहरातल्या छोट्या शिलाई कारखान्यांत कायदेशीर किमान वेतनापेक्षा कितीतरी कमी मजुरी दिली जात असल्याचं प्रकरण गाजलं. स्वस्त कपड्यांच्या ऑनलाइन कंपन्यांना झटपट माल हवा होता, आणि तो पुरवायला जुन्या इमारती आणि हक्कांची माहिती नसलेले मजूर तयार होते. म्हणजे विविधतेचं शहर ही ओळख पक्की होत असताना आतून नवी शक्ती आपलं काम करतच होती. ओळखीचा फलक तिला झाकायलाही सोयीचा पडतो.

उशिराचा मुद्दा सर्वांत स्वच्छ दिसतो तो बेल्जियममधल्या ब्रूजमध्ये. मध्ययुगात हे उत्तर युरोपातलं मोठं व्यापारी शहर. समुद्राकडे जाणारी खाडी गाळाने भरत गेली, राजकीय भांडणं झाली, पंधराव्या शतकाच्या अखेरीस परदेशी व्यापारी अँटवर्पला निघून गेले, आणि ब्रूज गरीब झालं. गरिबीमुळेच जुनी घरं पाडून नवी बांधायला पैसा नव्हता, म्हणून ती राहिली. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश प्रवाशांना हे थिजलेलं शहर रम्य वाटू लागलं आणि मग शहराने त्यांना हवं तसं दिसायचं ठरवलं. अनेक दर्शनी भाग याच काळात मध्ययुगीन शैलीत नव्याने सजवले गेले. तिथला सगळ्यात जास्त फोटो काढला जाणारा एक दगडी पूल, बोनिफासियसचा, पाहणाऱ्याला सात-आठशे वर्षांचा वाटतो. तो १९१० चा आहे. मला यात फसवणूक दिसत नाही. गाळात रुतलेल्या शहराने बाहेरच्यांच्या नजरेवर जगायची कला शिकली, एवढंच. पण त्याला अस्सल परंपरा म्हणून पूजायचं असेल तर पुलाचं साल माहीत असलेलं बरं.

ॲमेझॉनच्या जंगलातलं मनौस याच्या उलट. रबराच्या पैशावर तिथे युरोपातून सामान आणून ऑपेरागृह बांधलं आणि ते १८९६ मध्ये उघडलं. गंमत अशी की त्याच्या वीस वर्षं आधी, १८७६ मध्येच, हेन्री विकहॅम रबराचं बियाणं लंडनच्या क्यू उद्यानात घेऊन गेला होता. त्यातली रोपं सिलोन-मलायाला पोहोचली, मळे धरू लागले, आणि १९१० नंतर ब्राझीलचं रबर बाजारातून उठलं. शहर ऑपेरागृहाचे नकाशे पास करत होतं तेव्हा त्याचं मरण दुसऱ्या खंडात रोपवाटिकेत वाढत होतं. पुढे १९६७ मध्ये ब्राझील सरकारने करसवलतीचं मुक्त क्षेत्र जाहीर केलं आणि आज मनौसची रोजीरोटी दुचाक्या आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू जोडण्यावर चालते. पोस्टकार्डावर मात्र अजून ऑपेरागृहच असतं.

एकाच मालकाच्या गावांबद्दल थोडक्यात. शिकागोजवळ जॉर्ज पुलमनने १८८० च्या दशकात रेल्वेडबे बांधणाऱ्या कामगारांसाठी आदर्श गाव वसवलं: घरं, बाग, बाजार, सगळं कंपनीचं. १८९३ ची मंदी आली, पगार कापले, घरभाडं तेवढंच ठेवलं. १८९४ चा मोठा संप त्यातून उसळला, आणि १८९८ मध्ये इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला कारखान्याबाहेरची मालमत्ता विकायला लावली. मालक आणि घरमालक एकच असला की मंदीत माणसाला पळायला वाट राहत नाही. स्वीडनमधल्या किरुनाची तऱ्हा आणखी निराळी. लोखंडाच्या खाणीसाठी वसवलेलं गाव, खाण गावाखाली सरकत गेली, जमीन खचू लागली, आणि २००४ मध्ये ठरलं की गावच हलवायचं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये तिथलं १९१२ चं लाकडी चर्च, सहाशे टनांहून जड, चाकांवर चढवून पाच किलोमीटर लांब नेलं. खर्च सरकारी मालकीच्या खाणकंपनीचा. खाण नको असं म्हणायची मुभा गावाला नव्हती, कारण खाणीवाचून गावच नव्हतं. चर्च सोबत न्यायचं की नाही, एवढ्यावर वाटाघाट होऊ शकली.

आता दुसरा भाग: शहराच्या हातात काय असतं? मला वाटतं, काही असतं, पण सांगितलं जातं तिथे नसतं. स्पेनच्या बास्क प्रदेशातल्या बिल्बाओचंच घ्या. पोलाद आणि जहाजबांधणी बुडालेल्या या शहराने १९९७ मध्ये फ्रँक गेहरीचं गुगेनहाइम संग्रहालय उघडलं आणि शहर पालटलं, अशी दंतकथा आहे. तिच्या नादी लागून जगभरच्या नगरपित्यांनी चमकदार इमारती बांधल्या आणि त्यातल्या बऱ्याच आज देखभालीच्या खर्चाने शहराच्या मानेवर बसल्या आहेत. बिल्बाओत संग्रहालयाच्या आधी काय काय झालं होतं? १९९२ मध्ये बंदर, रेल्वे, राष्ट्रीय सरकार आणि स्थानिक शासन यांनी मिळून एक कंपनी काढली आणि नदीकाठची अडकलेली सार्वजनिक जमीन एका हातात आणली. बंदर खाली समुद्राकडे नेलं, मैला वाहणारी नदी साफ करायला घेतली, १९९५ मध्ये मेट्रो सुरू झाली. आणि बास्क प्रांतांना आपले कर आपण गोळा करायचा जुना अधिकार आहे. नक्कल करणाऱ्यांनी इमारत उचलली. जमिनीची कंपनी आणि कराचा अधिकार त्यांना उचलता येण्यासारखे नव्हते.

प्रेस्टन हे त्याच कापसाच्या लँकेशरमधलं शहर. तिथे मोठ्या खरेदी संकुलाची योजना वर्षानुवर्षं चालू होती. २०११ मध्ये मुख्य दुकानाने अंग काढून घेतलं आणि सगळं कोसळलं. तेव्हा नगर परिषदेने जरा रटाळ वाटेल असं काम हाती घेतलं. पोलीस, महाविद्यालयं, गृहनिर्माण संस्था यांसारख्या जागेवरून न हलणाऱ्या संस्था खरेदी कुठून करतात, हे बिलं काढून तपासलं. २०१२-१३ मध्ये त्यांच्या खर्चातले जेमतेम ५ टक्के शहरात राहत होते. निविदांचे तुकडे लहान केले, स्थानिक पुरवठादारांना अर्ज भरायला शिकवलं, आणि २०१६-१७ पर्यंत ते प्रमाण १८ टक्क्यांवर गेलं. याने शहर श्रीमंत झालं असा दावा मी करणार नाही. नफा थांबण्याची जागा थोडी तरी आपल्याकडे सरकवता येते, एवढं त्यातून दिसतं.

आणि ज्यांच्याकडे जमीन नाही, संस्था नाहीत? वॉशिंग्टन राज्यातल्या लेव्हनवर्थचा रेल्वेमार्ग १९२० च्या दशकात दुसरीकडे वळवला गेला, लाकडाची वखार बंद झाली, गाव मरायला टेकलं. १९६० च्या दशकात गावकऱ्यांनी ठरवून सगळी दुकानं जर्मनीतल्या बव्हेरियासारखी सजवली. बव्हेरियाशी संबंध म्हणाल तर डोंगर तसे दिसतात एवढाच. पर्यटक आले ते आजवर येतात. हसू येतं, पण निर्णय गावाने घेतला होता आणि इमारती गावकऱ्यांच्या मालकीच्या होत्या. अस्सलपणाच्या कसोटीवर ते नापास होईल. मालकीच्या कसोटीवर अनेक अस्सल गावांपेक्षा वरचढ ठरेल.

तुम्हाला एखादं गाव या नजरेने वाचायचं असेल तर स्वागतकमान आणि गॅझेटिअर बाजूला ठेवून सुरुवात करा. बाहेरून पैसा आणणारे सगळ्यात मोठे दोन-तीन मार्ग शोधा, मग ते कारखाने असोत, निवृत्तिवेतनं असोत की परगावी गेलेल्यांच्या मनीऑर्डरी, आणि त्यातल्या प्रत्येकाचा निर्णय कुठल्या शहरात होतो ते लिहा. खरेदीदार किती आहेत ते विचारा. विकणारे हजार आणि घेणारा एक असेल तर गावाचा स्वभाव त्या एकाच्या मर्जीवर बनतो. शाळांच्या पटावर कुठल्या मातृभाषा वाढताहेत ते पाहा, पुढच्या पिढीची ओळख तिथे आधी दिसते. रात्री कुठल्या भागातल्या खिडक्यांत दिवे लागत नाहीत ते पाहा. गुंतवणूक म्हणून घेतलेली घरं तशी कळतात.

आणि वळणरस्त्याची आखणी जाहीर झाली असेल तर त्याआधीच्या दोन-तीन वर्षांतले त्या पट्ट्यातले खरेदीखतांचे उतारे काढा. घेणाऱ्यांची नावं आणि पत्ते नकाशावर मांडा. गावाबाहेरचे पत्ते किती आहेत, आणि एकच पत्ता किती खतांवर येतो, हे मोजायला एक दुपार पुरते. हरकती नोंदवायची मुदत संपण्याआधी ती दुपार काढा.